आंब्याला पहारा

डॉकयार्ड रोडला उतरलात की फलाटाच्या डोक्यावरच टेकडी येते. स्टेशनातून बाहेर पडा आणि चढण धरा. वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. काका बॅप्टिस्टा इथलेच, खालच्या म्हातारपाखाडीतले, लोकमान्यांचे सहकारी. बागेच्या पोटात पाण्याची टाकी, पुढ्यात माझगाव डॉकच्या क्रेन आणि त्यांच्या पलीकडे बंदर. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. खालून पनवेल लोकल जाईल. तिचा आवाज विरू द्या.

तो विरला की समोर क्रेन नाहीत.

पायाखालची टाकी बांधायला अजून पंचाहत्तर वर्षं आहेत. साल 1809, मे संपत आलाय. उकाड्यानं कपडे अंगाला चिकटलेत. समुद्र थेट टेकडीच्या पायथ्याशी आलाय. ओहोटी आहे, चिखलात होड्या कलंडून पडल्यात, बांबूंवर बोंबील वाळतायत आणि त्यांचा वास वाऱ्याबरोबर वर चढतोय. टेकडीवर साहेबाचं मोठं घर आहे. बंदरात शिरणारे कप्तान ह्याच घराची खूण धरून जहाज आत घेतात.

उतारावरून गावात या. माडांवर भंडाऱ्यांची मडकी लटकलीत. खाली ग्लोरिया चर्च दिसतं. तुम्ही भायखळ्याला बघता ते नव्हे, त्याच्या आधीचं. हे 1632 सालचं, डिसोझा घराण्यानं बांधलेलं. पोर्तुगालच्या राजानं 1572 मध्ये अख्खं माझगाव ह्या घराण्याला वंशपरंपरेनं देऊन टाकलं होतं. पुढे रेल्वेसाठी हे चर्च पाडतील आणि भायखळ्याला नवं उभं राहील. आज मात्र त्याच्या पायऱ्यांवर पोरं खेळतायत आणि घरांच्या मागच्या अंगाला डुकरं चिखल उकरतायत.

विहिरीवर बायका पाणी शेंदतायत. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, गळ्यात क्रूस. कान द्या. "सांजच्याला पाऊस येल गो बाय," एक म्हणते. दुसरी आभाळाकडे बघून मान हलवते. मराठी आहे. थोडी खारी, थोडी ओढलेली, पण मराठी. ह्या बायका कोळी, भंडारी, कुणबी घरांतल्या. त्यांच्या पणज्यांच्याही आधी कुणाच्या तरी डोक्यावर पाद्र्यानं पाणी घातलं, म्हणून नाव मारिया किंवा इझाबेल झालं. बोली, लुगडं, मासळी, सगळं होतं तिथंच राहिलं. ह्यांचे वंशज 1887 मध्ये स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतील. तोपर्यंत बाहेरून येणाऱ्याच्या लेखी हे सगळे पोर्तुगीज.

बाहेरून येणारं माणूस हे बघा, आलंच. भोयांचा ताल ऐकू येतो आणि वळणावर एक पालखी दिसते. आत एक गोरी बाई आहे, तेवीस वर्षांची, मांडीवर वही. मारिया डंडास. बाप आरमारातला अधिकारी. त्याची नेमणूक मुंबईच्या गोदीवर झाली म्हणून 28 मे रोजी ती बोटीनं इथं पोचली. वाटेत त्याच बोटीवरच्या थॉमस ग्रॅहम नावाच्या तरुण अधिकाऱ्याशी तिचं जमलंय. डिसेंबरात मुंबईतच लग्न होईल आणि जग तिला मारिया ग्रॅहम म्हणून ओळखेल. मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांच्या तराला बंगल्यावर तिचं येणंजाणं असेल. त्यांची पुस्तकांनी भरलेली खोली तिला फार आवडेल. इंग्रज मडमांविषयी ती लिहील की ह्यांना शिकवण कमी आणि नटणं जास्त. जीभ तिखट आहे, आणि ती आपल्यांवरही चालते, म्हणून मला ही बाई पहिल्या भेटीतच आवडली.

पालखीच्या मागे मागे चाला. ती काय बघते ते बघा.

माझगावावर ती थोडकंच लिहिणार आहे. ते मी पुष्कळदा वाचलंय, आणि दरवेळी पहिल्या ओळीला ठेच लागते. तिच्या लेखी हे एक घाणेरडं पोर्तुगीज खेडं. इथले लोक ख्रिस्ती आहेत ह्याचा मुख्य पुरावा म्हणजे इथली डुकरं. मग मोकळेपणानं ती कबूल करते की दोन टेकड्यांमधली ही जागा फार देखणी आहे. मग टेकडीवरच्या त्या घराची गोष्ट: स्टर्न ह्या इंग्रज लेखकाची लाडकी एलायझा 1773 मध्ये ह्याच घरातून नवऱ्याला सोडून पळाली. आणि मग आंबा. माझगावचा लौकिक त्याच्या आंब्यामुळे, आणि आपण आजवर खाल्लेल्या फळांत हे सर्वोत्तम, असं ती ठासून सांगते.

डुकरं, टेकड्या, एक इंग्रज बाई, आंबा. गावातल्या एकाही माणसाचं नाव नाही. विहिरीवरच्या त्या दोघी तिच्या पालखीपासून पंधरा पावलांवर होत्या. तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलंत. तिला ते ऐकू आलं नाही.

पण आंब्याबाबत ती खरं बोलतेय. त्या झाडापाशी चला.

वाडीच्या मध्यावर ते उभं आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही. खाली तांबड्या डगल्यातला शिपाई उभा आहे, खांद्याला बंदूक. पोरं लांबून बघतायत. एक जरा पुढे सरकतो तसा शिपाई ओरडतो, "ए, लांब हो!" हे मूळ झाड. ह्या जातीची जेवढी झाडं आहेत ती सगळी ह्याच्यावरून कलमं बांधून केलेली, म्हणून फळाच्या दिवसांत ह्याला सरकारी पहारा. मारियाच्या कानावर असंही आलंय की शहाजहान बादशहाच्या ताटात आंबा ताजा पडावा म्हणून दिल्ली ते मराठी किनाऱ्यापर्यंत डाकवाले बसवलेले असत. त्याच्याही आधी, 1563 मध्ये, गार्सिया द ऑर्टा ह्या पोर्तुगीज वैद्यानं आपल्या गोव्यात छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की मुंबईच्या बेटावरचं आपलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं. मुंबई तेव्हा त्याच्याकडे भाड्यानं होती.

शिपायाची पाठ वळली की मागच्या अंगाला या. इथं माळी कलम बांधतोय. बाठ्यापासून उगवलेलं रोप मडक्यासकट उचलून त्यानं लाकडी माचीवर ठेवलंय, मूळ झाडाच्या फांदीला टेकेल इतकं उंच. सुरीनं रोपाच्या दांड्याची एका बाजूची साल तासली, तेवढीच फांदीचीही तासली. दोन ओल्या जखमा समोरासमोर आल्या. त्या एकमेकींवर बसवून त्यानं केळीच्या सोपटानं घट्ट आवळल्या आणि वर शेणमातीचा लेप दिला. हे भेट-कलम. दोन-तीन महिने दोन्ही झाडांचा रस एकत्र वाहू द्यायचा, मग खालून फांदी कापायची. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. माळ्याच्या नखांत माती आहे आणि तोंडानं तो काहीतरी गुणगुणतोय. कलमं बांधायचं हे कसब आपल्या किनाऱ्यावर वाढलं ते पोर्तुगीज अमदानीत. हापूस ह्या शब्दातच त्यांचं 'अफोन्सो' हे नाव बसलंय.

आता अंगणाकडे नजर टाका. कुंपणाशी काजूचं झाड. त्याच्या पलीकडे अननसाची काटेरी पात. चुलीपाशी सुकवलेल्या लाल मिरच्या. ह्यांतलं काहीच मुळात इथलं नाही. काजू हा शब्द ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांचा, 'अकाजू'. अननसाचं 'नाना'ही तिकडचंच. मिरचीही त्याच अंगाच्या जगातून आली. पोर्तुगीज जहाजांनी ही रोपं आणि बिया गोव्याला, वसईला, माझगावला उतरवल्या आणि दोन-तीन पिढ्यांत त्या इतक्या घरच्या झाल्या की मिरचीशिवाय आपला स्वयंपाक कसा असेल ते आज आठवूनही आठवत नाही. ती जहाजं रिकामी परतली नाहीत. काय घेऊन गेली ते बघायला मारियाच्याच मागे जायला हवं.

बारा वर्षं ओलांडा.

सप्टेंबर 1821. पायाखाली डेक हलतोय. मारिया छत्तिसाची आहे, नवरा आता 'डोरिस' ह्या युद्धनौकेचा कप्तान, आणि समोर ब्राझीलचं रेसिफे शहर. खडकांची रांग समुद्रातूनच भिंतीसारखी उभी आहे, लाटा तिच्यावर फुटून आत शांत पाणी होतं. शहराला वेढा पडलाय. पोर्तुगीज गव्हर्नर आत, बंडवाले बाहेर. तशातही संसार चालूच असतो. जहाजावरचे कपडे धुवायला किनाऱ्यावर गेले होते ते बंडवाल्यांनी अडवून ठेवले, आणि शर्ट-चादरी सोडवून आणायला त्यांच्याशी बोलणी करावी लागली. रोजचं जगणं कसं असतं हे मला अशा तपशिलांतून कळतं.

तिच्याबरोबर होडीतून उतरा. जहाजावरची शिकाऊ पोरंही बरोबर आहेत. नारळ आहेत, ऊन आपल्याच जातीचं आहे, भिंतींना चुना आहे, चर्च आहे. क्षणभर माझगावात असल्यासारखं वाटेल. पन्नास पावलं चाललात की ती थबकते. तुम्हीही थांबा.

रस्त्यावर मुलं बसलीत. काही पडलीत. मुलगे, मुली, पन्नासेक असतील. कातडी हाडांना चिकटलेली, अंगावर खरजेचे डाग. वेढ्यामुळे माल कमी आलाय, असं कुणीतरी सांगतं. माल म्हणजे ही मुलं. आफ्रिकेतून आणलेली, विकायला ठेवलेली. मारिया परत जहाजावर जाते आणि लिहिते की गुलामांच्या देशात पाऊल ठेवण्याची ही आपली पहिलीच वेळ, आणि आपल्याला मळमळून आलं.

ती पहिली वेळ नव्हती. ज्या मुंबईत ती राहिली तिथंही कंपनीनं मादागास्करहून गुलाम आणून कामाला जुंपलेले होते. गोऱ्यांच्या आणि आपल्याही लोकांच्या घरांत राबणारे हबशी होते. मांडून ठेवलेला बाजार तिला मुंबईत दिसला नाही, एवढाच फरक. मला तिच्यावर ठपका ठेवायचा नाही. तेवीस वर्षांच्या मुलीची पालखी जिथून गेली तिथून जे दिसलं ते तिनं लिहिलं. रेसिफेला मात्र ती पायी होती.

महिन्याभरानं बाहिया. हे शहर दोन मजली: खाली बंदर, वर कड्यावर चर्चं आणि वाडे. खालच्या गल्लीतून गटार वाहतंय, त्याच्या कडेला फळवाल्या बसल्यात, सोनार ठोकतायत. पडदे लावलेल्या खुर्च्या गुलामांच्या खांद्यांवरून डुलत जातायत, आपल्या मेण्यासारख्या. सकाळी न कळवता मोठ्या घरच्या बायकांना भेटायला गेली तर केस विंचरलेले नाहीत, अंगात घरचे ढगळ कपडे; मारिया नाक मुरडते. मला वाटतं, सकाळच्या वेळी न कळवता कुणी गिरगावातल्या माजघरात शिरलं असतं तरी तेच दिसलं असतं.

आता वर बघा. रस्त्यावर ज्याची सावली पडलीय ते झाड ओळखीचं आहे. लांबट गर्द पानं, टोकाशी तांबूस पालवी. आंबा. शेजारी बुंध्यालाच फणस लगडलेत. आंबा इकडे 1700 च्या सुमारास रुजला. इथले लोक आंब्याला 'मांगा' म्हणतात आणि फणसाला 'जाका', मल्याळममधल्या मांगा आणि चक्कवरून. जहाजं रिकामी परतली नाहीत ती अशी. आणि इथं आंब्याखाली शिपाई नाही. उघड्या अंगाचं एक पोरगं दगड मारून कैरी पाडतं, शर्टाला पुसायला शर्ट नाही म्हणून मांडीला पुसतं आणि चावतं. हे झाड गोव्याहून आलं की आणखी कुठून, त्याला काय करायचंय? ते त्याच्या गल्लीतलं झाड आहे. काजू तसा तुमच्या अंगणातला.

पुढचं वर्ष मारियाला फार वाईट गेलं. एप्रिल 1822 मध्ये केप हॉर्नच्या वाटेवर नवरा तापानं गेला. चिलीत त्याला पुरून ती तिथंच एकटी राहिली, नोव्हेंबरात मोठा भूकंप झाला, तोही तिनं सोसला. मार्च 1823 मध्ये ती रिओला परतली तेव्हा ब्राझील स्वतंत्र झालेला होता. बंदराच्या कडेला एका टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च आहे. नाव विचारा. ग्लोरिया. आमच्या माझगावच्या चर्चचीच ही 'अवर लेडी ऑफ ग्लोरी', आणि ब्राझीलच्या बादशहाच्या थोरल्या मुलीचं नाव तिच्यावरूनच मारिया दा ग्लोरिया. त्या राजकन्येला शिकवण्याची नोकरी मारियाला पुढे मिळाली आणि महिनाभरातच सुटलीही. राजवाड्यातल्या कुरबुरींत मला फार रस नाही.

मला तुम्हाला न्यायचंय ते रिओतल्या वालोंगोला. 1 मे 1823.

लांबच लांब रस्ता. दोन्ही बाजूंच्या जवळजवळ प्रत्येक घरात गुलाम विकायला ठेवलेत. दारांतून बाकांच्या रांगा दिसतात, बाकांवर डोकी भादरलेली मुलं. एका दारापाशी ती थांबते. आतली काही मुलं उठून अर्ध्या दारापाशी येतात आणि तिच्याकडे बघतात. तिला रडू येतंय, हे ती स्वतः लिहिते. पण ती रडत नाही. जोर करून हसते, आणि ओठांना हात लावून त्या मुलांकडे चुंबन टाकते. मुलं हरखतात. उड्या मारतात, नाचतात. तिनं केलं त्याला त्यांचं उत्तर.

तुम्ही तिच्या शेजारी उभे आहात. तुमच्याही हातात करण्यासारखं काही नाही. त्या दारातल्या एका मुलाला समोरचे दोन दात नाहीत, नुकते पडलेत, म्हणजे सात वर्षांचं असेल. ब्राझीलमध्ये गुलामी संपेल ती 13 मे 1888 ला. हे मूल तोवर असेल का? वालोंगोचा दगडी धक्का मातीखाली गाडला जाईल, 2011 मध्ये खोदकामात पुन्हा वर येईल आणि 2017 मध्ये युनेस्को त्याला जागतिक वारसा म्हणेल. ते दार मात्र कुठलं होतं ते कुणी सांगू शकणार नाही.

1823 च्याच ऑगस्टात मारियाकडे एक पाहुणी येते. बाहियाच्या आतल्या भागातल्या शेतकऱ्याची मुलगी, मारिया किटेरिया. बापाची परवानगी न घेता, पुरुषाचे कपडे घालून ती सैन्यात शिरली आणि पोर्तुगीजांशी लढली. बादशहानं तिला मानाचा क्रॉस दिलाय. मारिया तिला टेबलाशी बसवते आणि सगळं विचारून घेते: गाव कुठलं, बाप कोण, घरी काय पिकतं, कशी निघालीस. सैनिकी कोटाखाली तिनं घागऱ्यासारखं आखूड वस्त्र घातलंय. खाते कशी, तेसुद्धा मारिया टिपते: नाश्त्याला अंड्यांबरोबर आणि जेवताना माशांबरोबर पावाऐवजी कसाव्याचं भरड पीठ, आणि प्रत्येक जेवणानंतर एक सिगार. ऑगस्टस अर्ल ह्या चित्रकारानं काढलेलं तिचं चित्र मारिया आपल्या पुस्तकात छापते. ब्राझीलमध्ये आज शाळेतल्या पोरांना मारिया किटेरिया ठाऊक असते. ती जेवायची कशी, हे जगाला कळलं ते ह्या परक्या बाईमुळे.

माझगावच्या विहिरीवरून हीच बाई पालखीतून पुढे गेली होती. बारा-चौदा वर्षांत काय झालं? नवरा पुरला, भूकंप सोसला, रेसिफेच्या रस्त्यावर पायी चालली. मला वाटतं, ह्या सगळ्यानं तिचे डोळे खाली आणले, समोरच्या माणसाच्या उंचीला. आणि मला एका गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, की ती पुन्हा मुंबईला आली नाही. 1842 मध्ये ती गेली, लंडनजवळ, अनेक वर्षांच्या दुखण्यानंतर. पुन्हा आली असती तर विहिरीवर थांबली असती. पाऊस येईल म्हणणाऱ्या त्या बाईला तिनं विचारलं असतं, तू जेवणात काय खातेस. मग आम्हाला 1809 च्या माझगावच्या चुलीवरचं कालवण कसं होतं ते कळलं असतं, आणि तिचं नाव.

खालून लोकल गेली. पनवेलहून सीएसएमटीला.

टेकडी उतरा. संध्याकाळचे सहा वाजलेत. स्टेशनाबाहेर हातगाडीवर आंबे आहेत, देवगड म्हणतोय, पेटी उघडून दाखवतोय. माझगावचं ते मूळ झाड कुणाला आठवत नाही. शेजारच्या दुकानात काजू. रस्ता ओलांडून म्हातारपाखाडीत शिरा. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, अरुंद बोळ, आणि दर थोड्या अंतरावर नवी इमारत वर आलेली. कुठल्या तरी खिडकीतून मसाला भाजल्याचा ठसका येतोय. बोळात क्रूस आहे, त्याला झेंडूचा हार.

पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसलीय. तुम्ही तिच्या दाराकडे, सज्ज्याच्या नक्षीकडे बघत उभे राहिलात. खिशातला फोन अर्धा बाहेर आलाय, फोटोसाठी. ती मान वर करते.

"कोन पायजे?"

फोन खिशात ठेवा. तिनं विचारलंय, तर आधी तुमचं नाव सांगा. मग तिचं विचारा.